मोहिनीच्या मुलखातून वाचताना

फँटसीच्या जाडजूड कादंबरीत गोष्टीच्या आधी नकाशा लागतो. एखादी डोंगररांग, दोन-तीन नद्या, सीमेवरचा किल्ला, कोपऱ्यात शापित अरण्य. मी तो नकाशा बोट फिरवत वाचते, कारण पुढच्या पाचशे पानांत कोण कुठून पळून कुठे जाणार ते त्यातच दडलेलं असतं. नगर जिल्ह्याचा, आताच्या अहिल्यानगरचा, असा नकाशा काढायचा म्हटलं तर नवं काही रचावंच लागत नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात रतनगड. पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव दगडी देऊळ आणि शेजारी पुष्करणी. तिथल्या डोंगरात प्रवरा उगम पावते, तिचं दुसरं नाव अमृतवाहिनी. भंडारदऱ्याच्या धरणात ती थांबते, अकोले-संगमनेर करत उसाच्या पट्ट्यात उतरते, नेवाशाला वळसा घालते आणि प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत वाटायला देव-दानवांची पंगत बसली ती नेवाशाला, असं या मुलखात सांगतात. वाढणारी मोहिनी. देवांच्या रांगेत घुसून बसलेल्या राहूचं मुंडकं उडून पडलं ती राहुरी, आणि काया पडली ते गोदावरीपलीकडचं कायगाव. राहुरीच्या स्टँडवर उतरणारा माणूस एका पुराणकथेच्या प्रसंगात उतरतो, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही, इतकी ही गोष्ट इथल्या मातीत मुरली आहे.

याच मुलखात बसून मी गेली कित्येक वर्षं क्वीअर फँटसी वाचते. म्हणजे जादू, राजसत्ता, भुतं, ड्रॅगन यांच्या अशा कादंबऱ्या, ज्यांत नायक नायकाच्या प्रेमात पडतो, नायिका नायिकेच्या. किंवा ज्यांत एखादं माणूस मिळालेल्या देहात मावत नाही आणि त्याला दुसरा देह शोधावा लागतो. इंग्रजीत यांच्या मालिकाच्या मालिका आहेत. तीन भागांच्या, सात भागांच्या. माझ्या जवळच्या माणसांना वाटतं की हे वेड परदेशातून आलं, फोनवरून आलं, नव्या पिढीबरोबर आलं. म्हणून हा लेख परदेशातल्या पुस्तकापासून सुरू न करता नेवाशापासून करते.

नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की नेवासा फाटा येतो. गळिताच्या दिवसांत या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळते. गावात लोक येतात ते बहुतेक ज्ञानेश्वरांच्या खांबाला. या खांबाला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० ला. दुर्गा भागवतांच्या 'पैस' या पुस्तकाचं नाव याच खांबावरून आलेलं आहे. पण नेवाशाचं दैवत आहे मोहिनीराज. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या महालयाचा उल्लेख येतो, तो हाच असं मानतात. आजचं देखणं दगडी मंदिर अठराव्या शतकातलं, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी बांधवलेलं. भिंतींवरचं कोरीवकाम बघत आत गेलं की समोर विष्णू उभा आहे, आणि तो स्त्रीच्या अलंकारांत आहे. मूर्ती अर्धनारी रूपातली. नावसुद्धा कसं, मोहिनी आणि लगेच राज. कितीतरी मराठी घराण्यांचं हे कुलदैवत. लग्न झालं की नवं जोडपं इथे येऊन या देवाच्या पाया पडतं, आणि पुरुषाचा देव बाईच्या रूपात का, असं कोणी कोणाला विचारत नाही.

गोष्ट इथे संपत नाही. खंडोबाची म्हाळसा नेवाशाची. तिमशेट वाण्याची लेक. 'जय मल्हार' मालिका घरोघरी लागायची तेव्हा हे सगळ्या महाराष्ट्राला पुन्हा पाठ झालं होतं. पण म्हाळसा म्हणजे मोहिनीच, शंकर मोहिनीवर भुलला आणि पुढच्या जन्मी खंडोबा-म्हाळसा म्हणून त्यांची गाठ पडली, ही कथा मालिकेपेक्षा फार जुनी आहे. गोव्यात म्हार्दोळला गेलं तर तीच म्हाळसा नारायणी म्हणून बसलेली, आणि तिथे ती उघडच विष्णूचा मोहिनी अवतार. देवीच्या अंगावर जानवं असतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रोमांच उभे राहिले. देवी, आणि जानवं. एवढ्या एका दोऱ्यात आख्खी कादंबरी आहे.

मला इथे नीट सांगायला हवं की मी देवळांना चळवळीची निशाणी करत नाही. भाविकाचा देव भाविकाचाच. माझं म्हणणं एका वाचकाचं आहे: देह बदलणं, रूप बदलणं, बाई-पुरुष यांच्या मधल्या जागेत उभं राहणं, यांवर गोष्टी रचायची सवय या जमिनीला फार आधीपासून आहे. नाथपंथाचंच बघा. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी, रंगपंचमीच्या सुमारास तिथली यात्रा भरते. जवळच वृद्धेश्वर. श्रावणात या भागात 'नवनाथ भक्तिसार'ची पारायणं चालतात. धुंडिसुत मालूने १८१९ मध्ये पुरा केलेला हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ माझ्या मते मराठीतली सर्वांत बेधडक फँटसी आहे. हत्तीच्या कानातून कानिफा जन्मतो, चिखलाच्या पुतळ्यातून गहिनी. आणि त्यात स्त्रीराज्य आहे. जिथे पुरुष जगूच शकत नाही असा एक देश, राणी मैनाकिनी, त्या देशात मच्छिंद्रनाथ अडकलेले, आणि त्यांना सोडवायला कलावंतिणीच्या मेळ्यातून मृदंग वाजवत आलेला गोरख. १९३२ साली प्रभातने यावर 'माया मच्छिंद्र' काढला. गुरुशिष्यांच्या नात्याला मी दुसरं कुठलं नाव देत नाही. पण सगळ्या बायकांचा एक देश कसा चालेल, त्यांना मुलं कशी होतील, राज्य कोण करील, हे प्रश्न मालूकवीने घातले आणि त्यांची उत्तरंही रचली. परदेशी लेखक यालाच जग उभारणं म्हणतात आणि त्यावर पुस्तकं लिहितात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. 'शिवलीलामृत' श्रीधरकवीने १७१८ मध्ये बारामतीत पूर्ण केलं. चौदा अध्याय. अकरावा घरोघरी म्हटला जातो, पण पारायण करणाऱ्याला सहावा आणि सातवाही वाचावे लागतात. सहाव्यात सीमंतिनी येते. तिचा नवरा चंद्रांगद, नळराजाचा नातू, यमुनेत नाव बुडून थेट नागलोकात पोहोचतो आणि तक्षकाचा पाहुणचार घेऊन परत येतो. एका जगाच्या दारातून दुसऱ्या जगात, असल्या कादंबऱ्यांचं इंग्रजीत कपाट भरलेलं असतं. सीमंतिनीचं व्रत असं की सोमवारी ब्राह्मण दांपत्यांना बोलावून उमा-महेश्वर म्हणून पूजायचं आणि भरपूर दान द्यायचं.

सातव्या अध्यायात विदर्भातले दोन जिवलग मित्र येतात. वेदमित्राचा मुलगा सुमेधा आणि सारस्वताचा मुलगा सोमवंत. शिकून तयार झालेत, लग्नासाठी पैसा हवा, म्हणून राजाकडे जातात. राजाला थट्टा सुचते. तुमच्यातल्या एकाने बाईचा वेष घ्या, नवरा-बायको म्हणून सीमंतिनीकडे जा, दान आणा. मुलं नको म्हणतात, पण राजापुढे किती म्हणणार. सोमवंत लुगडं नेसतो. सीमंतिनीच्या हे लक्षात येतं, ती हसते, आणि तरी इतर दांपत्यांसारखीच त्यांची मनोभावे पूजा करते. एका मुलात शंकर, दुसऱ्यात पार्वती, असं खरोखर मानून. परतीच्या वाटेवर, रानात, सोमवंत खरोखरच स्त्री झालेला असतो. त्याहून मोठं म्हणजे ती सुमेधाच्या प्रेमात पडलेली असते आणि तसं बोलून दाखवते. सुमेधा आधी मस्करी समजतो, मग हादरतो. घरी आल्यावर हलकल्लोळ. सारस्वत राजाला जाब विचारतो: माझा एकुलता मुलगा होता. राजा देवीला साकडं घालतो. देवी सांगते की सीमंतिनीच्या भक्तीने झालेलं मला फिरवता येणार नाही. हिला सुमेधालाच द्या, सारस्वताला दुसरा पुत्र होईल. लग्न लागतं.

ही कथा मूळ स्कंदपुराणाच्या ब्रह्मोत्तरखंडातली. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या साहित्याचा जो संग्रह २००० साली काढला, त्यात ती आहे. पण दिल्लीच्या विद्वानांनी शोधून काढण्याच्या कितीतरी आधी ती आमच्या देवघरात लाल फडक्यात बांधून ठेवलेली होती. घरातल्या म्हाताऱ्या बायका ती सोवळ्याने वाचत होत्या. मी लहानपणी ऐकली तेव्हा मला सीमंतिनीचं हसू आवडलं होतं. आज वाटतं, त्या हसण्यात सगळं आहे. तिला खरं दिसलं, तिने अडवलं नाही, आणि तिच्या श्रद्धेने वेषाचं वास्तव झालं.

तरी या कथेपाशी मी दरवेळी अडखळते. दोन मित्र एकमेकांपाशी राहावेत म्हणून एकाला देह बदलावा लागला. प्रेमाला परवानगी मिळाली, पण चमत्काराच्या किमतीवर. राजस्थानात विजयदान देथांनी हाच धागा हातात घेतला आणि उलटा ओढला. त्यांच्या 'दोहरी जूण' या कथेत पोटात असतानाच सोयरीक ठरलेल्या दोन मुली आहेत, बीजा आणि तीजा. बीजाला हुंड्यासाठी मुलगा म्हणून वाढवलेलं. लग्नाच्या रात्री खरं कळतं, आणि दोघी एकत्र राहायचंच ठरवतात. गाव मागे लागतं, तेव्हा भुतांचा सरदार त्यांना आसरा देतो, बीजाला पुरुषही करतो. आणि पुरुष झालेली बीजा नवरेपणा गाजवायला लागते. शेवटी तिला पुन्हा बाई व्हायचं असतं, आणि दोघी बायका म्हणूनच भुतांच्या महालात सुखाने नांदतात. श्रीधर आणि देथा यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच पुराणातली अद्भुतकथा आणि आजची क्वीअर फँटसी यांच्यातलं अंतर. जुन्या कथेत जादू प्रेमाला लायक ठरवते. नव्या कादंबरीत प्रेम असतंच, कोणाला न विचारता; जादू दुसऱ्या कामांना लागते.

इंग्रजीत याची सुरुवात कुठून धरायची यावर वाद होतील. मी अर्सुला के. ले ग्विनच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'पासून धरते, १९६९. खरं तर ती विज्ञानकथा. गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावर माणसं कायमची बाई किंवा पुरुष नसतात; महिन्यातले काही दिवस देह कुठल्याही बाजूला झुकतो, त्यामुळे राज्याच्या राजालाही दिवस जाऊ शकतात. पृथ्वीवरून आलेला दूत गेन्ली आय आणि तिथला पदच्युत मंत्री एस्त्रावेन हे दोघं बर्फाचं वाळवंट तुडवत जातात. रात्री एका तंबूत, शेगडीशेजारी, एकमेकांना समजून घेण्याची ती पानं मी वैशाखात, पंखा बंद पडलेला असताना वाचली आहेत आणि थंडीने काकडले आहे.

दुसरा मोठा टप्पा मर्सिडीज लॅकीचा. 'द लास्ट हेराल्ड-मेज' ही तिची तीन भागांची मालिका १९८९-९० मध्ये आली. नायक व्हान्येल सरदारघराण्यातला मुलगा. बापाला तलवारबाज वारस हवा, मुलाला गाणं हवं. त्याला शिस्त लागावी म्हणून आत्याकडे धाडतात, आणि तिथे तो टायलेन्डेल नावाच्या मुलाच्या प्रेमात पडतो. एवढ्या खपाच्या, सरळ बाजारातल्या फँटसीत मुलावर प्रेम करणारा मुलगा नायक असणं तेव्हा फार दुर्मीळ होतं. तिसऱ्या भागाला क्वीअर साहित्याचा लॅम्डा पुरस्कार मिळाला. पण ज्या काळी एड्सने माणसं जात होती, त्या काळातली ही गोष्ट शोकाने भिजलेली आहे. टायलेन्डेल पहिल्याच भागात स्वतःचा जीव घेतो, व्हान्येल शेवटी देशासाठी प्राण देतो. नायक होण्याची किंमत त्याला भरावी लागली. वाचताना मी रडले, आणि नंतर रागही आला.

मग लिन फ्लेवेलिंग. तिची 'नाइटरनर' मालिका १९९६ ते २०१४ अशी सात भागांची. सेरेगिल आणि अलेक हे दोघं हेर. पहिल्या पुस्तकात ते फक्त कैदेतून निसटतात, छपरांवरून पळतात, एकमेकांचा जीव वाचवतात. प्रेमाचं नाव निघायला दुसऱ्या पुस्तकाचा शेवट उजाडतो. याला आम्ही वाचक 'स्लो बर्न' म्हणतो, आणि ज्याला त्याची चटक लागली त्याला पहिल्या भेटीत गाणं म्हणणारे नायक-नायिका पुढे पचत नाहीत. पण फ्लेवेलिंगचं माझं सर्वांत लाडकं काम दुसरं: 'द बोन डॉल्स ट्विन'पासून सुरू होणारी तीन पुस्तकं, २००१ ते २००६. स्काला देशाला भविष्यवाणी आहे की विशिष्ट वंशाची राणी गादीवर असेल तोवर देश तगेल. राजा एरियस स्वतःच गादी बळकावतो आणि घराण्यातल्या मुली एकेक करून मारवतो. त्याच्या बहिणीला जुळी होतात, मुलगा आणि मुलगी. मुलीला वाचवायला जादूगार आणि एक डोंगरातली चेटकीण मुलाला जन्मतःच मारतात आणि त्याचं रूप मुलीवर चढवतात. टोबिन नावाचा हा राजपुत्र स्वतःला मुलगाच समजून वाढतो. घरात मेलेल्या भावाचं भूत फिरतं, रागावलेलं. आणि एक वेडीवाकडी कापडी बाहुली आहे, तिच्यात त्या भावाची हाडं शिवलेली. टोबिन ती बाहुली लपवतो, कारण राजपुत्राने बाहुली बाळगणं शोभत नाही. आपण कोण आहोत हे कळल्यावर त्याला आनंद होत नाही, भीती वाटते: की नावाच्या जिवलग मित्राला आता मी कसा दिसेन? सोमवंताच्या कथेत जी बाजू श्रीधराने मोकळी सोडली, ती फ्लेवेलिंगने तीन पुस्तकं भरून लिहिली. देह बदलणाऱ्याच्या आतली बाजू.

आणि ताशा सूरी. पंजाबी वंशाची ही ब्रिटिश लेखिका. 'द जॅस्मिन थ्रोन' २०२१ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला; 'द ओलिएंडर स्वोर्ड' २०२२, 'द लोटस एम्पायर' २०२४. पारिजातद्वीप नावाचं साम्राज्य, त्याने जिंकून घेतलेला अहिराण्य नावाचा जंगलदेश. नावं आपली, फुलं आपली, साड्या आपल्या. सम्राट चंद्र धर्माच्या नावाने बायकांना चितेवर चढवतो. बहीण मालिनी चढायला नकार देते, म्हणून तिला हिराणा नावाच्या उंच कड्यावरच्या ओसाड देवळात कोंडतात. प्रिया ही मोलकरीण. रोज जीव मुठीत धरून तो निसरडा खडक चढणाऱ्या नोकरांपैकी एक. ती त्या देवळातच वाढलेली, जाळून मारलेल्या मुलांमधून वाचलेली, हे कोणाला ठाऊक नाही. एका रात्री प्रिया जीव वाचवण्यासाठी एकीला मारते आणि मालिनी ते बघते. मालिनी ओरडत नाही. सकाळी ती हीच मोलकरीण मला हवी म्हणून मागून घेते.

त्यापुढच्या एका प्रसंगासाठी मी ही मालिका ज्याला-त्याला वाचायला लावते. मालिनीला रोज दारूतून नीडल-फ्लॉवरचा अर्क पाजला जातो, हळूहळू मरावी म्हणून. प्रिया तिच्या उशाशी बसून तो डोस थोडाथोडा कमी करते. एकदम बंद केला तरी मरेल. तापाने फणफणलेल्या राजकन्येच्या ओठाला पेला लावणारी मोलकरीण, आणि दोघींनाही माहीत की दुसरी आपल्याला वापरते आहे. त्या मापाच्या मोजदादीतून प्रेम उगवतं. दोघींना सत्ता हवी, दोघींचे देश एकमेकांचे वैरी. पुढे दगा होतो, आणि तो फार दुखतो. तिथे समाजही नीतिवान डोळे वटारून उभा आहे, पण मालिनी आणि प्रिया यांचं भांडण समाजाशी 'आम्ही आहोत' हे सिद्ध करण्याचं नाही. त्यांना त्याहून मोठी कामं आहेत. साम्राज्य पाडायचं आहे, आणि माणसांच्या अंगातून पानंफुलं उगवणारा रोग थांबवायचा आहे.

हे मला इतकं का भिडतं, त्याचं उत्तर मराठी पुस्तकांत आहे. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली सुमित्रा, म्हणजे मित्रा, आठवणारे लोक अजून आहेत. त्या काळी ते रंगभूमीवर आणायला छाती लागली, पण मित्रा शेवटी जगत नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात, आणि तो निघून जातो. जेरी पिंटोंनी ती इंग्रजीत नेली, पुढे लेखकाने स्वतः सिनेमाही केला. सुंदर कादंबरी, पण ती विरहाचीच. ही पुस्तकं खरी होती. त्यांच्या काळात कायदाच माणसाला गुन्हेगार म्हणत होता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमाचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला काढून टाकला. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क २०१४ च्या नाल्सा निकालाने दिला. लग्नाचा हक्क २०२३ मध्ये मागूनही मिळाला नाही. वास्तववादी लेखकाला हे सगळं पानावर आणावंच लागतं. घरच्यांना सांगायचं की नाही, शेजारी काय म्हणतील, भाड्याने खोली कोण देईल. अर्धी कादंबरी त्यातच जाते. फँटसीचा लेखक एका वाक्यात म्हणू शकतो की या देशात कोणी असं विचारत नाही, आणि मग उरलेली पानं त्या माणसांना मिळतात. त्यांची भांडणं, त्यांचा हट्ट, त्यांची म्हातारपणं.

आपल्याच जिल्ह्यात श्रीरामपूरला दिशा पिंकी शेख राहतात. तृतीयपंथी कवयित्री, 'कुरूप' हा त्यांचा संग्रह, आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून सगळ्या महाराष्ट्राने त्यांना ऐकलं. त्यांची कविता फँटसी नाही. ती रस्त्यावरची आहे, भाकरीची आहे, अंगावर येणाऱ्या नजरांची आहे. मोहिनीराजापुढे हात जोडणाऱ्या तालुक्याच्या शेजारच्या तालुक्यात ती लिहिली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवाला जे रूप चालतं ते माणसाला का चालत नाही, हा प्रश्न इथे वर्तमानपत्री राहत नाही, एसटीत शेजारी येऊन बसतो.

ही पुस्तकं इथे मिळतात कशी? दुकानात जवळजवळ नाहीतच. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचं, राज्यातल्या अगदी जुन्या वाचनालयांपैकी एक. माझ्यासारख्या पुष्कळांची अद्भुताची गोडी तालुक्या-गावच्या वाचनालयांतल्या नारायण धारपांवर पोसली, पानं सुटलेल्या, कोपरे तेलकट झालेल्या प्रतींवर. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलं, हॅरी पॉटरही मराठीत आला. पॉटरच्या लेखिकेने २००७ मध्ये जाहीर केलं की डम्बलडोर समलिंगी आहे, पण सातही पुस्तकांत ते कुठे उघडपणे लिहिलेलं नव्हतं. आणि पुढे तृतीयपंथीयांविषयीच्या तिच्या मतांनी कितीतरी जुने वाचक दुखावून दूर गेले. ज्या पुस्तकांविषयी मी लिहिते आहे त्यांतलं एकही मराठीत वाचल्याचं मला आठवत नाही. ती वाचली जातात फोनवर. आणि फोनचा एक मोठा उपकार आहे: त्याला मुखपृष्ठ नसतं. संगमनेर-नगर गाडीत खिडकीशी बसलेली मुलगी काय वाचते आहे ते शेजारच्या मावशींना दिसत नाही. जिला घरी अजून काही सांगायचं नाही, तिला ती गोष्ट दीड-दोन तास पुरते.

पण फोनवरच्या इंग्रजीला किती जणी पोहोचणार? म्हणून मला हे मराठीत हवं आहे, आणि भाषांतरापेक्षाही स्वतंत्र हवं आहे. इंद्रप्रमित दासने 'द डिव्हावरर्स'मध्ये मुघल काळात आणि कोलकात्यात रूप बदलणारी माणसं सोडली, त्याला २०१७ चा लॅम्डा मिळाला. आपल्याकडे तर कच्चा माल खांद्यापर्यंत रचलेला आहे. प्रवरेच्या काठी अमृताची पंगत. जानवं घालणारी देवी, नेवाशाहून निघून पार म्हार्दोळपर्यंत गेलेली. स्त्रीराज्यातली मैनाकिनी, जिच्या बाजूने ती गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही. धारपांसारखा वाचकाला रात्रभर जागवणारा हात, मालूकवीचा बेधडकपणा आणि आजच्या माणसाची नजर एकत्र आली तर ही मालिका नगर जिल्ह्यात लिहिली जाईल, याबद्दल मला शंका नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांनी भयकथेला जागा दिली, विज्ञानकथेला दिली; या कथेलाही मागून घ्यावी.

लिहिणाऱ्याला सुरुवात हवी असेल तर माझ्याकडे एक प्रश्न आहे. सारस्वताला देवीच्या वराने दुसरा मुलगा झाला. घरात पाळणा हलला, पेढे वाटले गेले असतील. सुमेधाच्या घरी नांदणारी ती सून कधीकाळी सारस्वताच्याच घरात मुंज झालेला मुलगा होती. पहिल्या दिवाळीला तिला माहेरी बोलावणं आलं का? आईने दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला का? आणि पाळण्यातल्या त्या भावाला भाऊबीजेला ओवाळायला बसल्यावर त्याने मोठेपणी कधी विचारलं असेल, तर तिने त्याला काय सांगितलं?